उलट्या बाजूची झीज

१

त्या दुकानात नवं घड्याळ मिळत नसे. कोणाच्या तरी हातावरून उतरलेली महागडी घड्याळं तिथे यायची आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हातावर चढून जायची. मधल्या वेळात ती एका माणसाच्या नजरेखालून जात. त्याला सगळे पारखी म्हणत. त्याला काही नावही आहे, हे मालकाला फक्त पगाराच्या दिवशी आठवत असावं.

पारख्याच्या कामाला एक ठरलेला क्रम होता. सकाळी आल्या आल्या तो स्वतःचं साधं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवी, कारण आपल्या पट्ट्याचा ओरखडा दुसऱ्याच्या घड्याळावर उठला तर कोणाला तोंड दाखवणार? मग हात स्वच्छ धुवी. घड्याळ समोर आलं की आधी तळहातावर घेऊन वजन बघायचं, मग कानाशी धरून चाल ऐकायची, मग डोळ्याला भिंग लावून तबकडीवरची अक्षरं, काट्यांची टोकं, स्क्रूच्या खाचा. एवढ्यावर पूर्वी भागत असे. पण नक्कल करणारे आता चांगलेच शेफारले होते. वजन जमवत, चाल जमवत, अक्षरं तर अस्सलापेक्षा रेखीव काढत. म्हणून पारख्याने शेवटचा निकाल झिजेवर ठेवला होता.

"सगळ्याची नक्कल होते, झिजेची होत नाही," तो गिऱ्हाइकांना सांगे, आणि सांगताना जरा आवाज चढवी, कारण हे वाक्य त्याला फार आवडायचं. "नकली माल जुना दाखवायला हे लोक पॉलिश पेपरने घासतात. सगळीकडे सारखे ओरखडे. माणूस घड्याळ वापरतो तेव्हा सगळीकडे सारखं घासत नाही. त्याच्या वागण्याचा त्या झिजेशी मेळ बसावा लागतो."

दुकानात एक पत्र्याचा डबा होता. खोटी ठरलेली आणि मालकांनी रागाने तिथेच टाकलेली घड्याळं त्यात पडत. तो डबा म्हणजे पारख्याची पदकं होती. आपला निकाल कधी चुकलेला नाही, असं तो म्हणायचा आणि मालक ते गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

घरी मात्र ह्या कौतुकाची पार वाट लागायची. "आमच्या ह्यांना अश्रूसुद्धा दाखवा, खरे की खोटे सांगतील," असं बायको शेजारणींना सांगे. एकदा तिने त्याचं भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं, तो डोळा बशीएवढा दिसायला लागला, आणि ती खदखदून हसत असताना त्याने मोबाइलवर तिचा फोटो काढला. तिचा फोन आला की तोच फोटो झळके. मालकासमोर फोन आला की पारखी घाईघाईने तो पालथा घाली, पण फोटो त्याने कधी बदलला नाही.

२

ती बाई आली तेव्हा दुकानात गर्दी होती. साठीच्या पुढची, साधी, पदराच्या टोकाने सारखी बोटं पुसणारी. बरोबर तिचा दीर होता, जाडजूड आणि भलताच खुशीत. तिने रुमालाची गाठ सोडून एक घड्याळ पारख्यापुढे ठेवलं.

"विकायचं नाहीये," ती म्हणाली. "ह्यांचं आहे. हे गेले, आता मुलीला द्यायचंय. पण देण्याआधी कोणीतरी जाणत्याने एकदा सांगावं, की हे खरं आहे."

"म्हणजे काय आहे," दीर म्हणाला, "आमचा भाऊ नकाशे काढायचा पुलांचे. पगार बेताचा. आणि म्हणे कंपनीच्या मोठ्या साहेबाने हे घड्याळ बक्षीस दिलं! गेली तीस वर्षं आम्ही ऐकतोय."

"पुलाच्या नकाशात चूक होती, ती ह्यांनी पकडली," बाई पारख्याकडे बघून म्हणाली. दिराकडे तिने बघितलंही नाही. "म्हणून दिलं. ह्यांनी आयुष्यात खोटं सांगितलं नाही."

रांगेतल्या दोघातिघांनी माना पुढे काढल्या. मालकही गल्ल्यावरून बघायला लागला. पारख्याला असे प्रेक्षक आवडत. त्याने वजन बघितलं, चाल ऐकली, भिंग लावलं. सगळं ठीक होतं. म्हणजे फारच चांगली नक्कल असणार, किंवा अस्सल. मग त्याने घड्याळ आडवं धरून कडा बघितल्या आणि त्याच्या ओठांवर हसू आलं.

"बाई, ही चावी बघा," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "घड्याळ हातावर बांधलं की चावीची बाजू पंजाकडे येते. बाही, खिसा, दाराची कड, सगळं तिथे घासतं. इतकी वर्षं वापरलेल्या घड्याळाची ती बाजू झिजायला हवी. ह्याची ती बाजू कोरी आहे, आणि झीज सगळी उलट्या बाजूला. ज्याने कोणी हे बनवलं, त्याने घासायची बाजूच चुकवली."

दीर मोठ्याने हसला. "सांगत नव्हतो, वहिनी?"

"तुम्ही नीट बघितलंत ना?" बाईने विचारलं. "आत उघडून?"

उघडून बघायला थोडा वेळ लागला असता आणि त्यात काही अवघड नव्हतं. पण तो प्रश्न पारख्याला झोंबला. "मला उघडायची गरज लागत नाही," तो म्हणाला. "तुमच्या यजमानांना कोणीतरी फसवलं. किंवा..." आणि तो थांबला. पुढचं न बोलण्यात आपण फार सभ्यपणा दाखवला, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

बाईने रुमालाची घडी केली. घड्याळ उचललं नाही. "राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली. "मला ते घरात नको." आणि दिराच्या पुढे दोन पावलं चालत ती दुकानाबाहेर पडली.

३

दुपारी डबा खाऊन झाल्यावर पारख्याने ते घड्याळ पत्र्याच्या डब्यात टाकण्यासाठी उचललं. इतकी सुंदर नक्कल आतून कशी केली असेल, ह्या उत्सुकतेने त्याने मागचं झाकण उघडलं.

आत अस्सल यंत्र होतं. चक्रांच्या कडांना दिलेली चकाकी, माणिकांचे खडे, सगळं जिथल्या तिथे. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारख्या बारीक खुणा होत्या. दुरुस्ती करणारे कारागीर आपली ओळख म्हणून अशा खुणा करून ठेवतात. इथे त्या वेगवेगळ्या हातांच्या होत्या. कोणीतरी हे घड्याळ वर्षानुवर्षं जिवापाड जपलं होतं.

पारख्याने त्या खुणा एकेक करून बघितल्या. मग त्याने झाकण लावलं, आणि का कोणास ठाऊक, घड्याळ आपल्या उजव्या मनगटावर बांधलं.

उजव्या हातावर बांधताच चावी कोपराकडे गेली आणि झिजलेली बाजू पंजाकडे आली. सगळी झीज आपापल्या जागी बसली. माणूस डावखुरा होता. डाव्या हाताने नकाशे काढायचा, म्हणून घड्याळ उजव्या हाताला. 'यजमान डावखुरे होते का?' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

त्याचे कान तापले. त्या बाईचं तोंड डोळ्यापुढून हलेना. काउंटरवरच्या वहीत तिचा नंबर होता, पत्ता होता. फोन उचलायचा आणि सांगायचं, बाई, मी चुकलो. पण मालक समोरच बसला होता, आणि सकाळचा प्रसंग तो एका बड्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगत होता. "आमचा पारखी! झाकण न उघडता!" पारखी कसनुसा हसला. उद्या करू फोन, असं त्याने ठरवलं. घड्याळ काढून त्याने आपल्या खणात, स्वतःच्या घड्याळाशेजारी ठेवलं. चोरून काही करतोय अशा बेताने त्याने खण बंद केला, आणि तसं करताना त्याला स्वतःचीच शिसारी आली.

४

उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. रोज सकाळी खण उघडताना पारखी त्या घड्याळाकडे बघायचं टाळी. म्हणूनच ती गोष्ट त्याच्या लक्षात उशिरा आली.

घड्याळ चालू होतं.

ते आपोआप चावी भरणाऱ्या जातीचं होतं. हातावर असलं की हाताच्या हालचालीने त्याला चावी बसते. काढून ठेवलं की दोनेक दिवसांत बंद पडतं. खणात पडून राहिलेलं ते घड्याळ आठवड्यानंतरही अगदी बिनचूक वेळ दाखवत होतं.

पारखी हिशेबी माणूस. त्याने स्वतःची समजूत घातली, की आपण दिवसातून दहा वेळा खण उघडतो, आपटतो, त्या हिसक्यांनी चावी भरत असेल. त्या दिवशी त्याने खण मुळीच उघडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चावी बाहेर ओढून काटे थांबवले आणि घड्याळ फडक्यात गुंडाळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं नीट घडी करून बाजूला ठेवलेलं होतं, चावी आत दाबलेली होती आणि सेकंद-काटा संथपणे फिरत होता.

"माझ्या खणाला कोणी हात लावला का?" त्याने काउंटर सांभाळणाऱ्या मुलीला विचारलं.

"तुमच्या खणाला?" ती म्हणाली. "किल्ली तुमच्या खिशात असते आणि संशय आमच्यावर होय!"

तो ओशाळला. जागेवर येऊन त्याने घड्याळ उचललं आणि चटकन खाली ठेवलं. पोलाद कोमट होतं. गिऱ्हाईक हातावरचं घड्याळ काढून समोर ठेवतं, तेव्हा त्याला थोडा वेळ अंगाची ऊब असते. ही ऊब पारखी इतकी वर्षं रोज हाताळत आला होता. तिच्यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

त्याला भीती वाटली, पण भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. कोणाला सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की घड्याळ माझ्या खणात कशासाठी आहे.

५

"आज काय डाव्या हाताने?" बायकोने विचारलं.

पारखी चहात चमचा ढवळत होता. त्याने हाताकडे बघितलं आणि चमचा उजव्या हातात घेतला. उजव्या हाताला तो अवघडल्यासारखा झाला.

"आणि साखर कधीपासून घ्यायला लागलात?"

"घातली का मी?"

"दोन चमचे." ती हसली, पण पुरती हसली नाही. मग तिने टेबलावरून हात पुढे करून त्याचं उजवं मनगट धरलं. "हे काय हो?"

मनगटाभोवती एक फिकट पट्टा होता. वर्षानुवर्षं घड्याळ वापरणाऱ्याच्या हाताला असतो तसा. तेवढ्या जागेवरचे केस घासून गेले होते, कातडी मऊ आणि पांढुरकी पडली होती. पारखी आपलं घड्याळ डाव्या हाताला बांधायचा. डाव्या मनगटावर बघितलं तर काहीच खूण नव्हती. ते सगळं सारखं, सावळं होतं.

"पूर्वीपासून आहे," तो म्हणाला.

 बायकोने त्याचा हात उजेडाकडे वळवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग तिने तो टेबलावर ठेवून दिला, अगदी जपून, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. पारख्याला ती पद्धत ओळखीची वाटली. गिऱ्हाइकाचं मन न दुखवता नकली घड्याळ परत करताना तो स्वतः असंच करायचा.

"अगं, सांगतो," तो म्हणाला. "आज एक काम उरकून येतो आणि मग तुला सगळं सांगतो."

"लवकर या," ती म्हणाली. "मला तुमच्याकडे बघून कसंतरी होतंय."

६

बाईचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दुपारची वेळ होती, जिन्यात कोणाचं तरी धुणं ठिबकत होतं. त्याने बेल वाजवली. दार उघडून ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग, काही न विचारता, बाजूला झाली.

खोलीत खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर एका पुरुषाचं सामान मांडलेलं होतं. चष्मा, दाढीचा ब्रश, पेनं, मोजपट्ट्या, लग्नातला फोटो, एक सदरा. शेजारी मुलं खेळतात तसलं प्लास्टिकच्या दांड्याचं भिंग पडलं होतं.

"तुम्हीच शिकवलंत," बाई म्हणाली. "एकेक काढून बघते. ह्या बाजूला खरं, त्या बाजूला खोटं."

खऱ्याच्या बाजूला नुसता चष्मा होता.

 येताना पारख्याने बरंच काही जुळवून ठेवलं होतं, ते सगळं त्याने सोडून दिलं. त्याने खिशातून घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं. "बाई, हे खरं आहे. अस्सल आहे. तुमचे यजमान डावखुरे होते, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मीच चुकलो."

तिने घड्याळ घेतलं नाही. "हे तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची संधी होती. "त्याच दिवशी," तो म्हणाला. "दुपारीच."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात तिने सांगितलं, "हे गेल्यावरही यायचे हो. रोज दुपारी. त्या खुर्चीत बसायचे. बोलायचे नाहीत, पण बसायचे. मला पुरायचं तेवढं. त्या दिवशी मी दुकानातून घरी आले आणि त्यांना तोंडावर म्हटलं, तुम्ही जन्मभर खोटं सांगत आलात. ते उठले आणि गेले. तेव्हापासून येत नाहीत."

 शरमेने पारख्याची मान वर होईना.

"तुमच्याकडे येतात का?" तिने विचारलं.

खुर्ची लाकडाची होती, भिंतीशी, बंद टीव्हीच्या समोर. तिच्या उजव्या हातावरचं पॉलिश एका जागी पार उडालं होतं. मनगट टेकतं नेमकी तिथे. घड्याळाच्या पट्ट्याने तीस वर्षं घासून पडलेला खोलगट डाग. डावा हात जवळजवळ नवा होता. ज्याला झीज वाचता येते त्याला ह्या घरात सगळं वाचता आलं असतं. पारख्याने नुसतं यायला हवं होतं.

"बसा," बाई म्हणाली.

त्याला बसायचं नव्हतं. पण नाही म्हणण्याचा आपल्याला काय हक्क आहे, असं वाटून तो बसला. त्याचं उजवं मनगट आपोआप त्या डागावर जाऊन टेकलं आणि तिथे बरोबर बसलं.

बाईने टेबलावरचं भिंग उचललं आणि ती जवळ आली. त्याच्या मनगटावरचा फिकट पट्टा तिने बघितला. त्याचा खांदा, कानामागची जागा, बोटांची टोकं, सगळं ती सावकाश बघत गेली, मधे मधे थांबत, पुन्हा मागे येत. पारखी हलला नाही. समोरच्या काळ्या काचेत खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीत मान खाली घालून बसलेला एक माणूस. त्याच्या उजव्या हातावर घड्याळ होतं. ते बांधल्याचं पारख्याला आठवत नव्हतं. तो माणूस मान वर करील, ह्या धास्तीने त्याने नजर काढून घेतली.

बाईने भिंग खाली केलं.

"मेळ बसतोय," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम कोवळा झाला. "तुम्हीच ना हो? खरंच तुम्हीच ना?"

खरं की खोटं, ह्याचंच उत्तर देऊन पारख्याने आयुष्यभर पोट भरलं होतं. 'नाही' हा शब्द तर त्याच्या जिभेवर सदा तयार असायचा. पण ह्या बाईला एकदा चारचौघांत नाही म्हणून तो मोकळा झाला होता. पुन्हा म्हणायला त्याला तोंड उरलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. 

ती तोंडावर पदर धरून रडली आणि रडता रडता चहा टाकायला आत गेली. "साखर दोनच घालते," तिने आतून विचारल्यासारखं सांगितलं.

तेवढ्यात कुठेतरी मोबाइल वाजायला लागला. त्याच्याच खिशात होता. त्याने तो डाव्या हाताने काढला. पडद्यावर एका बाईचा फोटो होता. एका डोळ्याला भिंग लावलेलं, तो डोळा बशीएवढा, आणि ती खदखदून हसत होती. त्याने फोटो निरखून बघितला. हसणं खरं होतं, ह्याबद्दल त्याला शंका नव्हती. ती कोणाकडे बघून हसतेय, हे मात्र काही केल्या कळेना.

"कोणाचा हो?" आतून विचारणा झाली.

फोन वाजत राहिला. त्या हसणाऱ्या तोंडाकडे बघताना त्याला कसली तरी अतोनात लाज वाटत होती, पण कशाची ते आठवत नव्हतं.

"चुकून आला असेल," तो म्हणाला, आणि त्याने फोन खुर्चीच्या हातावर पालथा ठेवला.